फोनवर लोक काय विचारतात, ते आधी वहीत लिहा

दिवाळी संपली की दरवर्षी हे होतं, नवीन वर्षात काहीतरी करायचं म्हणून लोक उठतात आणि माझ्याकडे वेबसाइटबद्दल विचारणारी पत्रं यायला लागतात. मला मनापासून आवडतात ही पत्रं, कारण त्यात बाग असते, मसाला असतो, एखादं जुनं वाचनालय असतं. या वेळी पाच घेतलीयेत. नावं मुद्दाम गाळलीयेत, गावाचा अंदाज तेवढा ठेवलाय. आधी पत्र, मग माझं उत्तर.

ताई, नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, तीनशेच्या आसपास कलमं. निम्मा माल वाशीच्या बाजाराला जातो, निम्मा आम्ही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट देतो, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून. बाबांना म्हटलं आता वेबसाइट करूया. एकानं दहा पानं, कार्ट, पेमेंट गेटवे सगळं धरून ४५ हजार सांगितलेत. मोहोर यायला लागलाय, मार्चच्या आत व्हायला पाहिजे. देऊ का काम?

दादा, ४५ हजार जास्त की कमी ते मी आत्ता सांगू शकत नाही, कारण त्या दहा पानांवर काय लिहायचंय हे त्या माणसालाही माहीत नाही आणि बहुतेक तुम्हालाही अजून नाही. मोहोर न बघता बागेचा सौदा कुणी करत नाही ना, तसंच आहे हे.

आज रात्री एक काम करा. मागच्या सीझनचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडा, मार्च ते मे, आणि गिऱ्हाइकांनी काय काय विचारलंय ते वहीत उतरवून काढा, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत. पेटीत चार डझन की पाच की सहा, फळ किती ग्रॅमचं, कच्चा पाठवता का पिकलेला, आल्यावर किती दिवसांनी खायचा, पिकवायला कार्बाइड नाही ना वापरलं, नाशिकला पोचेल का, दोन फळं खराब निघाली तर काय, आणि हा खरंच देवगडचाच कशावरून. पंधराएक प्रश्न निघतील, त्याच्या पुढं तेच तेच यायला लागेल. त्या पंधरा प्रश्नांची खरी उत्तरं म्हणजे तुमची वेबसाइट. ती दहा पानांत नाही, एका लांब पानात बसते, आणि पुण्यातला माणूस ऑफिसच्या कँटीनमध्ये फोनवर अंगठ्यानं सरकवत ती वाचतो, त्याला दहा ठिकाणी दाबायला लावायचंच कशाला.

यातला "कशावरून" हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे येतात. पण बाग त्या जिल्ह्यात आहे म्हणून आपोआप तो शिक्का वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तुमची असेल तर तो नोंदणीचा नंबर पानावर वरच्या भागात द्या, नसेल तर वेबसाइटच्या आधी ते काम हातात घ्या. देवगडचं नाव छापलेल्या पेटीत बाहेरचा आंबा भरला जातो हे गिऱ्हाइकाला आता चांगलं माहितीये, म्हणून "अस्सल", "नंबर वन" असल्या शब्दांनी काही होत नाही. बागेचं गाव, कलमं किती, अढी कशी लावता, काढणी कोण करतं, हे चार ओळींत साधं सांगा, त्याचा परिणाम जास्त होतो.

कार्ट, म्हणजे वेबसाइटवरच माल निवडून पैसे भरायची सोय, मी पहिल्या वर्षी नकोच म्हणेन. कार्टला आधी सांगावं लागतं की माल किती शिल्लक आहे, आणि झाडावरच्या आंब्याची शिल्लक कोण सांगणार? थ्रिप्सची कीड येते, अवकाळी पाऊस येतो, उन्हानं फळगळ होते. साठ पेट्यांचे पैसे जमा झाले आणि हातात चाळीसच आल्या तर वीस पेट्यांचे पैसे परत करत बसावं लागेल. गेटवेवाले, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, पैसे परत केले तरी ते कापलेले बहुतेक वेळा आपल्याला मिळत नाहीत. त्यापेक्षा "मागणी नोंदवा" असं एकच बटण ठेवा. ते दाबलं की तुमच्या नंबरवर आधीच टाइप केलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडेल, नाव, पिनकोड, किती पेट्या, कुठल्या आठवड्यात. अशी लिंक फुकट बनते. तुम्ही माल बघून हो म्हणायचं आणि मग यूपीआयनं पैसे घ्यायचे. म्हणजे आत्ता करताय तेच, फक्त तेच पंधरा प्रश्न रोज वीस जणांना टाइप करून सांगायचं वाचलं.

भाव मात्र पानावर पाहिजेच, आणि त्याच्या शेजारी तारीख. काम द्यायच्या आधी त्या माणसाला समोर बसवा आणि म्हणा, आता माझ्या फोनवरून भाव बदलून दाखव, मग मला करू दे. तुम्हाला स्वतःला दोन मिनिटांत जमलं तर पुढं बोला. हापूसचा भाव आठवड्याला उतरतो, मे महिन्यात मार्चचा भाव दिसला की माणूस काही न बोलता दुसरीकडे जातो, आणि भाव बदलायला दर वेळी कुणाला तरी फोन करावा लागत असेल तर तो बदलला जातच नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिल्यांदा तेच विचारते.

आता अडचण फोटोंची. मोहोराचे फोटो आत्ता मिळतील पण फळ कुठंय? नेटवरून उचललेला आंबा लावू नका, बागेतला माणूस तो लगेच ओळखतो आणि गिऱ्हाइकालाही कळतं. मागच्या मे महिन्यातले फोनमधले जे असतील त्यावर या वर्षी भागवा, आणि एप्रिलमध्ये घरातल्या एकाला फक्त तेवढंच काम द्या, सकाळच्या उजेडात काढणी, गवतातली अढी, पेटी भरताना, आणि एक फळ तळहातावर, कारण ग्रॅम वाचून अंदाज येत नाही, हात दिसला की येतो. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीपर्यंत लहान करूनच चढवायचा, नाहीतर नेटवर्क कमी असलं की पान उघडतच नाही.

एक शेवटचं, ते पत्रात नाहीये पण पुढच्या वर्षी येईलच. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. पण आंबापोळी, पल्प, लोणचं वेबसाइटवर ठेवलंत तर त्यावर कर आहे, आणि असा माल महाराष्ट्राबाहेर, अगदी शेजारच्या गोव्यातसुद्धा विकला तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. तयार मालाला अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबरही लागेल. सीएला विचारून मगच ते पान वाढवा. आणि आता ती वही घेऊन त्या माणसाकडे जा, एका पानाचं काम म्हणून परत भाव विचारा.

कोल्हापूर जिल्ह्यातला आमचा बचत गट आहे, अकरा जणी. कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करतो. तीन वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलानं वेबसाइट करून दिली, पैसे पण कमी घेतले. आता तो नोकरीला गेलाय, फोन उचलत नाही. वेबसाइट उघडली की मुदत संपली असं येतं. पाकिटावरच्या स्टिकरवर तोच पत्ता आणि क्यूआर आहे, दोन हजार स्टिकर पडून आहेत. काय करायचं?

ताई, हे पत्र वाचून फार वाईट वाटलं, कारण यात तुमची काही चूक नाही आणि बहुधा त्या मुलाच्या मनातही पाप नसेल. सोय म्हणून त्यानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आपल्या खात्यातून आपल्या ईमेलवर घेतलं असणार. मी स्वतः सुरुवातीच्या काळात दोन गिऱ्हाइकांची नावं माझ्या खात्यात ठेवली होती, एकदा मी दवाखान्यात असताना नूतनीकरणाचा मेल तसाच पडून राहिला आणि एका दुकानाची वेबसाइट ऐन लग्नसराईत नऊ दिवस बंद होती. तो दुकानदार मला एक शब्दही वाकडा बोलला नाही, पण त्यानंतर मी कुणाचंही नाव माझ्याकडे ठेवलं नाही.

आता घाई फक्त एका गोष्टीची आहे. डोमेनची मुदत संपली की ते लगेच दुसऱ्याचं होत नाही. साधारण काही आठवडे नेहमीच्या दरात परत चालू करता येतं, नंतर आणखी काही आठवडे जास्त दंड भरून, आणि त्यानंतर ते कुणालाही विकत घ्यायला मोकळं होतं. म्हणून आजच बघा. डोमेनची माहिती दाखवणाऱ्या वेबसाइट असतात, "हू इज" असं म्हणतात त्याला, तिथं तुमच्या वेबसाइटचं नाव टाकलं की ते कुठल्या कंपनीतून घेतलंय आणि कधी संपलंय ते दिसतं. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण कंपनी आणि तारीख कळली तरी पुरे.

मग त्या मुलाला गाठा, फोनवर नाही, त्याच्या आईवडिलांकडून किंवा गटातल्या कुणाच्या ओळखीनं, आणि भांडू नका. दोनच गोष्टी मागा. एक, त्यानं नूतनीकरण करावं, पैसे तुम्ही द्या, आणि मग डोमेन तुमच्या खात्यात सोडावं, त्यासाठी एक कोड असतो तो त्याला त्याच्या खात्यातून काढता येतो. दोन, वेबसाइटचा पूर्ण बॅकअप. "तू चोरलंस" म्हणून सुरुवात केलीत तर तो अजून लांब पळेल. त्याला अर्ध्या तासाचं काम आहे हे त्याला पटवून द्या, तारीख ठरवा, आणि गटातली एक जण त्याच्यासोबत बसू दे.

नाहीच झालं, तर रडत बसायचं नाही. नवीन नाव घ्या, गटाच्या ईमेलवर, गटाच्या फोन नंबरवर, पावती गटाच्या नावानं. जुन्या पानांचा मजकूर गेला असं वाटत असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघा, तिथं जुन्या वेबसाइटच्या प्रती साठवलेल्या असतात, छोट्या वेबसाइटच्याही कितीदा सापडतात, निदान मजकूर तरी परत लिहायला लागत नाही. स्टिकरवर नवीन पत्त्याची छोटी पट्टी चिकटवा, अकरा जणींत दोन हजार म्हणजे एका दुपारचं काम.

पुढच्या छपाईत क्यूआरबद्दल एक लक्षात ठेवा. क्यूआर बनवून देणाऱ्या काही फुकट सेवा कोडमध्ये स्वतःचाच पत्ता घालतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात, ती सेवा बंद पडली किंवा पैसे मागायला लागली की छापलेला क्यूआर मेला. क्यूआर थेट तुमच्या डोमेनचा काढा आणि छापायच्या आधी तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा.

आणि एक वही करा. डोमेन कुठून घेतलं, कधी संपतं, होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, कुठलं, लॉगिन कुठल्या ईमेलचं. ती वही गटाच्या ठरावांच्या रजिस्टरसोबत ठेवा. पासवर्ड दोघींना माहीत पाहिजे, एकीला नाही. एक जण माहेरी गेली म्हणून दुकान बंद असं होऊ देत नाही ना आपण, मग इथं का?

आदरणीय ताई, खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. कार्यकारिणीनं वेबसाइटचा ठराव केलाय. आमच्याकडे वाचनालयाचा इतिहास, वार्षिक अहवाल, सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे, ते वेबवर चिकटवलं की वेडीवाकडी अक्षरं दिसतात. एकानं सुचवलं की सगळ्याचे फोटो काढून टाका. तसंच, सुमारे बावीस हजार पुस्तकांची यादी वेबसाइटवर टाकावी आणि पत्ता मराठीत, भारत असं शेवटी येणारा घ्यावा, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. आपलं मत?

सर, फोटो काढून टाका हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मजकुराचा फोटो टाकला की तो गूगलला नीट सापडत नाही, फोनवर मोठा करून नीट वाचता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथं मुकं होतं. वाचनालयाच्या वेबसाइटवर तर हे होताच कामा नये.

वेडीवाकडी अक्षरं येतात त्याचं कारण सोपं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथंच "क" दिसतो, दुसरीकडे त्याच्या खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये "क" हा सगळ्या जगात "क"च असतो. जुनं ते युनिकोडमध्ये करणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यातून काढा, पण विश्वास ठेवून तसंच चढवू नका. जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी आणि "ऱ्या" इथं ते हमखास चुकतात. म्हणून प्रत्येक पान एका माणसानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर बघायचं. वाचनालयात अशी माणसं शोधायला लागत नाहीत, निवृत्त शिक्षक रोज पेपर वाचायला येतातच. जे कागदावरच आहे ते टाइप करायचा कंटाळा आला तर फोनवर मराठीत बोलून टाइप होतं, मग विरामचिन्हं घालायची.

वेबसाइट करणाऱ्याला एवढं नक्की सांगा की पानाची भाषा आत कोडमध्ये मराठी अशी नोंदवायची. हे बरेच जण विसरतात, पान इंग्रजी किंवा हिंदी म्हणून राहतं. आपला मराठी वळणाचा "ल" आणि "श" वेगळा असतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी नोंदवल्यावर तो आपोआप आपल्या वळणाचा येतो, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी उच्चार निवडतं. फॉन्टला पैसे लागत नाहीत, 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' किंवा गूगलचा 'नोटो देवनागरी' हे फॉन्ट फुकट मिळतात आणि नीट वाचता येतात. अक्षर मोठं ठेवा आणि ओळींत हवा ठेवा. मराठीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापानं ओळी ठेवल्या की ते एकमेकांत अडकतात. तुमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे असणार, त्यांच्याच फोनवर दाखवून अक्षराचा आकार ठरवा.

पत्त्याचं बोलायचं तर देवनागरीतलं "भारत" हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि अध्यक्षांची भावना मला पूर्ण पटते, मराठी वाचनालयाचा पत्ता मराठीत असावा. घ्याच. पण सोबत साधं इंग्रजी अक्षरांतलंही घ्या आणि दोन्ही एकाच वेबसाइटवर आणा. कारण मराठी पत्त्यावरचा ईमेल अजून अनेक ठिकाणी चालत नाही, सरकारी फॉर्म तो बऱ्याचदा नाकारतात, आणि काही ठिकाणी तो पत्ता मराठीत न दिसता इंग्रजी अक्षरांची एक लांब निरर्थक माळ म्हणून दिसतो. पाटीवर मराठी, ईमेलला इंग्रजी, असं चालू द्या.

बावीस हजार पुस्तकं एकदम नको. यादी टाकायला एक वर्ष जाईल आणि वेबसाइट तोवर निघणारच नाही. आधी पाच गोष्टी येऊ द्या, वेळ, सुट्ट्या, वर्गणी आणि अनामत, सभासद व्हायला काय कागद लागतात, आणि या महिन्यात आलेली नवीन पुस्तकं. बाकी यादी आतल्या कामासाठी कोहा किंवा सरकारी एनआयसीच्या ई-ग्रंथालयसारख्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत राहा, ती पूर्ण झाली की तिची लिंक द्यायची. मात्र तुमच्याकडची दुर्मिळ पुस्तकं, गावातल्या लेखकांची पुस्तकं, जुनी नियतकालिकं, यांची शंभर-दोनशेची यादी पहिल्या दिवशी टाका. पुण्यात बसलेला एखादा अभ्यासक "हे कुठं मिळेल" म्हणून शोधत असतो आणि त्याला तुमच्या कपाटात ते आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही. माझ्या मते तुमच्या वेबसाइटचं खरं मोल तिथंच आहे.

सभासदांची यादी फोन नंबरसकट टाकायचा मोह काही वाचनालयांना होतो, पीडीएफ करून. टाकू नका. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि कायदा नसता तरी लोकांनी नंबर पुस्तकासाठी दिलाय, जगाला दाखवायला नाही. आणि कार्यकारिणी बदलेल तेव्हा लॉगिनही बदलून पुढच्यांच्या हातात जाईल असं ठरावातच लिहून घ्या. ईमेल वाचनालयाचा, सचिवांचा स्वतःचा नाही.

इन्स्टाग्रामवर पैठण्या विकते, येवल्यात आमचे स्वतःचे माग आहेत. १४ हजार फॉलोअर आहेत, ऑर्डरी तिथूनच येतात. मग वेबसाइटचा खर्च कशाला करू?

आत्ता मोठा खर्च करू नकोस, पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेऊन ठेव, वर्षाला हजाराच्या आसपास लागतात. सांगते का. गूगल आधी छोट्या धंद्यांना आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट एक छोटी वेबसाइट करून द्यायचं, कितीतरी दुकानांनी तोच पत्ता बिलांवर छापला, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलनं त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं, बाकीच्यांच्या हातात छापलेली बिलं उरली. इन्स्टाचं खातं हॅक झालं किंवा कुणी खोटी तक्रार करून बंद पाडलं तर तुझी १४ हजार माणसं तुला परत कशी शोधणार? तुझ्या डोमेनवर एक पान असू दे, फोन, पत्ता, दोन मागांचे फोटो, आणि सध्या खाली इन्स्टाची लिंक. पाकिटात टाकायच्या कार्डावर इन्स्टाचं नाव नको, डोमेन छाप.

आणि एक गोष्ट इन्स्टावर नीट सांगता येत नाही ती त्या पानावर सांग. हातमागाची आणि पॉवरलूमची पैठणी ओळखायची कशी, पदराच्या मागची बाजू कशी दिसते, एका पैठणीला तुमच्या मागावर किती दिवस लागतात. रीलमध्ये ते पंधरा सेकंदांत निघून जातं. लग्नासाठी पैठणी घेणारी आई मात्र रात्री शांतपणे शोधून वाचते आणि मग फोन करते. तुझी पैठणी महाग का आहे हे तिला तुझ्याकडूनच कळू दे.

ताई, माझी आई डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करून देते, या वर्षी एकशे चाळीस किलोच्या ऑर्डरी झाल्या. दोघी मावश्या मदतीला असतात. मला तिला वेबसाइट गिफ्ट करायची आहे, वर्डप्रेसवर मी स्वतः करू शकते. कुठून सुरुवात करू?

आईला आधी विचार की पुढच्या वर्षी एकशे चाळीसचे दोनशे किलो तिला करायचेत का. खरंच विचार, गंमत म्हणून नाही. तिघींच्या हातानं आणि घरातल्या गॅसवर किती होतं याला हद्द आहे. वेबसाइट लोकांना आणते, पण चकल्या पाडायला हात लागतात. ती म्हणाली की आहे तेवढंच पुरे, तर वेबसाइट नको. तिच्या नावानं गूगलवर बिझनेस प्रोफाइल कर, ते फुकट असतं, तिथं फोन आणि फोटो टाक, जुन्या गिऱ्हाइकांकडून चार ओळींचे अभिप्राय लिहून घे, झालं. घरगुती असलं तरी अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करून घ्या, राहिली असेल तर.

ती म्हणाली वाढवायचंय, तर वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, चांगलंच आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, म्हणून अडलं की उत्तर कुठंतरी सापडतंच. पण म्हणूनच त्यावर हल्लेही होतात. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचे भाग, दहा-पंधरा लावू नकोस, तीन-चारांत भागव, आणि महिन्यातून एकदा अपडेट करायचा दिवस ठरव. दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत कशालाही हात लावायचा नाही. ब्राउझरमध्ये वेबसाइट सुरक्षित दिसायला जे प्रमाणपत्र लागतं ते लेट्स एन्क्रिप्टचं फुकट असतं, बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणावर देतात, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर दुसरा होस्टिंगवाला बघ. आणि पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नकोस, दुसऱ्या वर्षी किती ते आधी वाच.

पदार्थांची यादी आईच्या तोंडून लिहून घे. कडबोळ्यात काय असतं, कुठलं तेल, साजूक तूप कशात, अनारसे किती दिवस टिकतात, लाडू परदेशी पाठवायचा असेल तर कसं बांधतात. अमेरिकेतल्या मुलाला फराळ पाठवणाऱ्या आया हे सगळं विचारतात, आणि त्यांची ऑर्डर इतरांच्या तीन आठवडे आधी घ्यावी लागते. म्हणून पानावर सगळ्यात वर, फोटोच्याही वर, दोन तारखा मोठ्या अक्षरांत टाक. परदेशच्या ऑर्डरीची शेवटची तारीख आणि मुंबई-ठाण्याच्या ऑर्डरीची शेवटची तारीख. दुसरी तारीख आईनं ठरवू दे, आणि ती जी सांगेल त्याच्या दोन दिवस आधीची टाक.